गरोदरपणात चेकअपसाठी पगारी सुट्टी कशी जमवायची (ठाणे-नवी मुंबईत नोकरी करणाऱ्यांसाठी)

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करते, कारण दर दुसरी मुलगी एचआरला येऊन हेच विचारते. 'चेकअपची पगारी सुट्टी' अशी वेगळी सुट्टी आपल्या कायद्यात नाहीये. २६ आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह सगळ्यांना तोंडपाठ असते, पण त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे डिलिव्हरीच्या तारखेच्या आधी घेता येतात, म्हणजे साधारण बत्तिसावा आठवडा लागेपर्यंत ती लीव्ह सुरूच होत नाही. आणि सोनोग्राफी, रक्त, शुगर, इंजेक्शनं हे बहुतेक सगळं त्याच्या आधीच असतं. म्हणून मी शीर्षकात 'जमवायची' म्हटलंय, 'मागायची' नाही. चार ठिकाणचे तुकडे जोडून ही सुट्टी बनते आणि नीट जोडले तर एक रुपया न कापता सगळं पार पडतं.

मी स्वतः महापेला एका कंपनीत एचआरमध्ये आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं तेही सांगते.

पहिलं काम, कॅलेंडर काढा. सुट्टीचा विचार नंतर. नॉर्मल प्रेग्नन्सीत डॉक्टर साधारण २८ आठवड्यांपर्यंत महिन्यातून एकदा बोलावतात, मग ३६ पर्यंत पंधरा दिवसांनी आणि त्यानंतर दर आठवड्याला. मध्ये मोठ्या तारखा आहेत त्या हलवता येत नाहीत. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी) ११ ते १४ आठवड्यांच्या मध्येच करावा लागतो आणि डबल मार्करचं (बाळातल्या जन्मजात दोषांची शक्यता बघणारं) रक्तही त्याच सुमारास, ते एकाच दिवशी उरकता येतं का ते सेंटरला आधीच विचारा. ॲनोमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव नीट आहेत का ते बघणारी सोनोग्राफी, १८ ते २० आठवड्यांच्या आसपास, याला पूर्ण दिवस धरा, कारण बाळाची पोझिशन नीट नसेल तर 'जरा फिरून या, काहीतरी खाऊन या' असं म्हणून दोन-तीनदा बाहेर पाठवतात. आणि सोनोग्राफीला आयडी प्रूफ न्यायला विसरू नका, पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी) कायद्याचा फॉर्म एफ भरल्याशिवाय कुणी हात लावत नाही, आधार घरी राहिलं म्हणून अख्खा हाफ डे वाया गेलेल्या मुली मी बघितल्यात. शुगरची टेस्ट २४ ते २८ आठवड्यांत, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास थांबायचं असतं. तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर २८ आठवड्यांच्या आसपास अँटी-डी इंजेक्शनचं डॉक्टर सांगतील, तेही लिहून ठेवा.

आता मोजा. बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत रेग्युलर व्हिजिट आणि स्कॅन मिळून साधारण नऊ-दहा वेळा जावं लागतं. प्रत्येक वेळी अख्खा दिवस टाकला तर वर्षाची सुट्टी संपली. पण यातल्या अर्ध्याअधिक व्हिजिट दीड-दोन तासांच्या असतात, बाकीचा वेळ खातो तो प्रवास. कासारवडवलीत घर, ऐरोलीत ऑफिस आणि डॉक्टर नौपाड्यात असेल तर घोडबंदर रोडवरच तुमचा हाफ डे संपतो. म्हणून रक्ताची लॅब ऑफिसजवळची धरा, सकाळी सात-साडेसातला उघडतात, शुगर टेस्ट करून साडेदहापर्यंत डेस्कवर येता येतं. गायनॅक मात्र घराजवळचीच बरी, आणि पहिल्याच व्हिजिटला विचारा की संध्याकाळची ओपीडी असते का, ठाण्यात बऱ्याच प्रायव्हेट डॉक्टर सहानंतर बसतात. सोनोग्राफी शनिवारी मिळत असेल तर आधीपासून नंबर लावा, शनिवारी सगळ्या नोकरीवाल्याच येतात.

पुढे जाण्याआधी बाहेरची एक गोष्ट, कारण त्यातून मागायचं कसं ते कळतं. न्यूयॉर्क राज्यात १ जानेवारी २०२५ पासून खासगी नोकरीतल्या गरोदर बाईला वर्षाला २० तास पगारी मिळतात, फक्त तपासण्यांसाठी, आजारपणाची रजा वेगळी शिल्लकच, आणि ते तास एकेक करून वापरता येतात. आपल्याकडे तसा हक्क नाही, पण हिशोब तासांत करायची आयडिया मात्र उचला. मॅनेजरला 'मला प्रेग्नन्सीत दर महिन्याला सुट्टी लागेल' म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर रिकामी खुर्ची येते. तेच 'पुढच्या पाच महिन्यांत मला नऊ वेळा प्रत्येकी तीन तास लागतील, तारखा या अशा, त्यातल्या चार सकाळी ऑफिसच्या आधी होतील' असं म्हटलं तर तो गपचूप हो म्हणतो. मी हे इतक्या वेळा बघितलंय की आता मी मुलींना आधी तारखांचा कागद आणायला सांगते, मग बोलायला बसू म्हणते.

आता ते तुकडे.

कॅज्युअल लीव्ह. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला ८ सीएल पगारी आहेत, पण त्या तिमाहीला जमा होतात, म्हणजे जानेवारीत तुमच्या खात्यात दोनच असतात. दिवस डिसेंबरात गेले असतील तर एनटी स्कॅन फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि तेव्हा दोन सीएलमध्ये पहिले तीन महिने काढायचे असतात, उलट्या-बिलट्या धरून. अशा वेळी एचआरला सांगून पुढच्या तिमाहीच्या सीएल ॲडव्हान्समध्ये मागता येतात, बऱ्याच कंपन्या देतात, फक्त मागावं लागतं. वर्षाअखेर उरलेल्या सीएल बुडतात, तेव्हा डिसेंबरात अपॉइंटमेंट असेल तर पीएलला (कामाच्या दिवसांवर मिळणाऱ्या सुट्टीला) हात न लावता सीएलच टाका. हा कायदा लहान दुकानं-ऑफिसांना लागत नाही आणि मॅनेजर-सुपरवायझर पदावरच्यांनाही नाही, त्यांनी कंपनीची लीव्ह पॉलिसी उघडून बघायची, तिथे बहुतेक सिक लीव्ह वेगळी असते.

अर्न्ड लीव्ह किंवा पीएल. याच कायद्यात वर्षात २४० दिवस काम झालं असेल तर दर २० दिवसांमागे एक अशी मिळते आणि ४५ पर्यंत साठते. माझं मत विचाराल तर ही चेकअपला उडवू नका. बाळ झाल्यावर २६ आठवडे संपले की याच सुट्ट्या शेपटासारख्या मागे जोडता येतात आणि तेव्हा प्रत्येक दिवस सोन्याचा असतो.

तिसरा तुकडा बहुतेक मुलींना माहीतच नसतो. प्रेग्नन्सीमुळे आजारपण आलं तर २६ आठवड्यांच्या वर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा कायद्यानेच मिळते. जुन्या मॅटर्निटी बेनिफिट ॲक्टमध्ये हे कलम १० होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तो १९६१ चा कायदा तिच्यात गेला, तिथे हे कलम ६५ मध्ये आहे. २६ आठवडे, ८० दिवसांची अट, हे मुख्य आकडे तेच राहिलेत, त्यामुळे कुणी 'आता कायदा बदलला' म्हणून घाबरवलं तर घाबरू नका. तर ही एक महिन्याची रजा साध्या रुटीन चेकअपसाठी नाही, हे नीट समजून घ्या. पण सतत उलट्या होऊन सलाईन लावायची वेळ आली, स्पॉटिंग झालं, बीपी वाढलं, प्लासेंटा खाली आहे म्हणून डॉक्टरांनी बेड रेस्ट सांगितली, तर ती सीएल-पीएलमधून कापून घ्यायची काही गरज नाही. एचआरमधलेच कितीतरी लोक म्हणतात ही रजा डिलिव्हरीनंतरच मिळते, कायद्यात शब्द 'गरोदरपणामुळे उद्भवलेलं आजारपण' असे आहेत आणि गरोदरपण डिलिव्हरीच्या आधीच असतं एवढं तरी सगळ्यांना मान्य असावं.

इथे सगळा खेळ डॉक्टरांच्या चिठ्ठीचा. नुसतं 'विश्रांतीची गरज आहे, सात दिवस' असं लिहिलेली चिठ्ठी आली की एचआर ती सिक लीव्हमध्ये टाकतं आणि आम्हाला दोषही देता येत नाही, कारण कागदावर प्रेग्नन्सीचा उल्लेखच नसतो. डॉक्टरांना सांगा की कितवा आठवडा आहे, हा त्रास प्रेग्नन्सीमुळे आहे, आणि अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रेस्ट, हे तिन्ही लिहा, सही-शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबरसकट. रोगाची सगळी कुंडली लिहायची गरज नाही. सोनोग्राफीचे रिपोर्ट मॅनेजरला व्हॉट्सॲप करू नका, प्लीज. ते त्याला बघायचं कारण नाही, चिठ्ठी एचआरला, तीही मेलवर.

गर्भपात झाला, आपोआप किंवा वैद्यकीय, तर त्या दिवसानंतर ६ आठवडे पगारी रजा आहे. हे फार जणींना ठाऊक नसतं आणि चार दिवसांत कामावर येतात. कुणी मैत्रीण या परिस्थितीत असेल तर तिच्या वतीने तुम्ही एचआरला विचारा, तिला त्या वेळी कलमं वाचायला लावू नका.

चौथा तुकडा म्हणजे रजा न घेता मिळणारा वेळ. उशिरा येणं, लवकर जाणं, त्या दिवशी घरून काम. हे कायद्यात नाही, मॅनेजरच्या मर्जीवर आहे, आणि म्हणूनच तोंडी ठेवू नका. चांगला मॅनेजर असतो, तो दोन महिन्यांनी प्रोजेक्ट बदलून जातो आणि नवीन आलेला अटेंडन्स उघडून विचारतो की मंगळवारी दुपारी एकला कुठे होतात. बोलणं झालं की लगेच मेल टाका, दोन ओळी पुरतात. काहीतरी असं:

'सर, आज बोलल्याप्रमाणे, मार्च ते जुलैमध्ये माझ्या वैद्यकीय तपासण्यांच्या तारखा खाली देत आहे. त्या दिवशी मी साडेबाराला येईन किंवा घरून काम करेन आणि हा वेळ रजेत धरला जाणार नाही असं आपलं ठरलं आहे. तारीख बदलली तर दोन दिवस आधी कळवीन. कृपया कन्फर्म करावं.' एचआरला सीसी.

'कन्फर्म करावं' हे टाकाच, ओके एवढं उत्तर आलं तरी पुरतं. आणि पेरोलच्या कटऑफच्या आधी अटेंडन्स रेग्युलराइज करून घ्या, नाहीतर सिस्टीम आपोआप एलओपी (बिनपगारी दिवस) टाकते आणि मग पुढच्या महिन्यात रिव्हर्स करत बसा.

सांगायचं कधी, हा मोठा प्रश्न. आपल्याकडे तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही पद्धत, सासूबाईंनी बजावलेलं असतं, आणि नेमक्या त्या तीन महिन्यांतच त्रास जास्त आणि लोकल नकोशी होते. सुरुवातीच्या दोन-तीन अपॉइंटमेंट 'मेडिकल अपॉइंटमेंट' एवढंच लिहून निघतात, कारण सांगायची सक्ती नाही. पण तुमचं काम उभ्याने असेल, जड उचलायचं असेल, केमिकल किंवा एक्स-रेजवळ असेल (टीटीसीच्या, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात अशा कंपन्या कमी नाहीत) तर तीन महिन्यांची वाट बघू नका, एचआरला एकटीला गाठून सांगा आणि गुप्त ठेवायला सांगा. डिलिव्हरीच्या आधीच्या शेवटच्या अडीच महिन्यांसाठी तर कायद्यातच आहे की बाईने विनंती केली तर तिला कष्टाचं, तासन्तास उभं राहायचं काम देता येत नाही, आणि हलकं काम दिलं म्हणून पगारही कापता येत नाही.

नवीन जॉइन झालेल्या मुली सगळ्यात घाबरलेल्या असतात. अट एवढीच आहे की डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या कंपनीत ८० दिवस काम झालेलं पाहिजे. प्रोबेशन, कॉन्ट्रॅक्ट, लग्न झालंय की नाही, यातली एकही अट कायद्यात नाही. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या केसमध्ये सांगितलंय, आणि लीव्ह चालू असताना कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी बेनिफिट पूर्ण द्यायचा हे २०२३ मध्ये. अजून एक भीती असते, की चेकअपसाठी एक-दोन दिवस बिनपगारी झाले तर मॅटर्निटीचा पगार कमी येईल. तो ॲव्हरेज आधीच्या तीन महिन्यांत ज्या दिवशी काम केलं त्या दिवसांच्या पगारावर काढतात, त्यामुळे दोन दिवस एलओपी गेले म्हणून २६ आठवड्यांचा आकडा कोसळत नाही. अर्थात एलओपी होऊच नये हा तर सगळा खटाटोप.

ज्यांचा पगार महिना २१,००० पर्यंत आहे आणि स्लिपवर ईएसआयची (कामगार राज्य विमा) ०.७५ टक्के कपात दिसते त्यांचा रस्ता वेगळा. त्यांना मॅटर्निटीचे पैसे कंपनी नाही, ईएसआय देतं, पूर्ण पगाराच्या हिशोबाने २६ आठवडे, आणि त्यासाठी आधीच्या दोन कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये (वर्गणी भरण्याच्या सहामाहीत) मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. हे पिरियड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. प्रेग्नन्सीच्या आजारपणाचा जादा एक महिना इथेही आहे. पण चेकअपच्या एका दिवसाचे पैसे ईएसआयकडून मिळतील असं समजू नका, साध्या सिकनेस बेनिफिटमध्ये पहिले दोन दिवस धरतच नाहीत आणि नंतरही ७० टक्केच मिळतात. तेव्हा तपासणीच्या दिवसाला सीएलच. फायदा असा की वागळे इस्टेट आणि वाशीला ईएसआयचं हॉस्पिटल आहे आणि तपासण्या तिथे फुकट होतात. ओपीडी सकाळची असते आणि रांग असते, तेव्हा त्या दिवशी अर्ध्या दिवसात परत येईन असं मॅनेजरला कबूल करू नका. सगळ्यात महत्त्वाचं, हाउसकीपिंग, पॅकिंग, बॅक ऑफिसमध्ये कॉन्ट्रॅक्टरकडून काम करणाऱ्यांनी आजच ईएसआयच्या पोर्टलवर आपलं कॉन्ट्रिब्युशन खरंच भरलंय का ते बघा. स्लिपवर कापलेलं दिसतं आणि पुढे भरलेलंच नसतं असे प्रकार होतात आणि ते आठव्या महिन्यात कळून उपयोग नाही. मध्येच पगार २१,००० च्या वर गेला तरी तो कॉन्ट्रिब्युशन पिरियड संपेपर्यंत कव्हर चालू राहतं.

नकार आला तर? चेकअपच्या वेळेसाठी नकार आला तर भांडायला कलम नाही, तिथे सीएल टाका आणि मोकळ्या व्हा, ती नाकारली तर कारण लेखी मागा, नुसतं लेखी मागितलं तरी निम्मे नकार विरघळतात. पण आजारपणाचा महिना, गर्भपाताची रजा किंवा २६ आठवडे नाकारले, किंवा 'सध्या राजीनामा द्या, नंतर परत घेऊ' असं गोड बोलून सांगितलं, तर तो बेकायदा प्रकार आहे. मॅटर्निटीच्या रजेवर असताना काढता येत नाही, आणि प्रेग्नन्सीत काढलं तरी बेनिफिट द्यावाच लागतो. राजीनाम्यावर सही करू नका, ते बोलणं संपल्यावर 'आज आपलं असं बोलणं झालं' म्हणून मेल टाका आणि ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज द्या. नोकरीवरून काढलं असेल तर अपिलाला ६० दिवस असतात, रडण्यात महिना घालवू नका.

एक जुनी गोष्ट इथे सांगावीशी वाटते. हा विषय दिल्लीहून नाही, मुंबईतून सुरू झालाय. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात गिरणी-कारखान्यातल्या बायकांच्या बाळंतपणाच्या बिलावर डॉ. आंबेडकर बोलले होते की त्या काळात बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. त्यामुळे एचआरपुढे बसताना उपकार मागतोय असा चेहरा नको.

नवऱ्यांसाठी एकच ओळ, खासगी नोकरीत पितृत्व रजेचा कायदा नाही, सीएल टाका आणि निदान ॲनोमली स्कॅनला तरी बरोबर जा, बाहेर बाकावर बसून का होईना.

आणि तुमच्या घरी काम करणाऱ्या ताई गरोदर असतील तर त्यांना यातलं काहीच मिळत नाही, ना सीएल ना ईएसआय. तिथे तुम्ही मॅनेजर आहात. चेकअपच्या दिवसाचे पैसे कापू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची तपासणी फुकट होते, कळव्याचं शिवाजी हॉस्पिटल, ऐरोली-नेरुळची पालिकेची हॉस्पिटलं जवळ पडतात, पहिल्या बाळासाठी मातृ वंदना योजनेचे ५,००० रुपयेही असतात आणि त्यासाठी नोंदणी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे होते. ९ तारीख रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी आली तर तपासणी पुढच्या कामाच्या दिवशी असते, त्या दिवशी भांडी तुम्ही घासा.